दाराची कडी



कविसंमेलनाला गेलेल्या कवीची सोय सहसा कार्यकर्त्याच्या मेहुण्याकडे होते, नाहीतर विश्रामगृहात. तिथे गीझर असतो, पाणी नसते. त्यामुळे अहमदाबादेत आयोजकांनी मला 'हाउस ऑफ एमजी'च्या दारात उतरवले तेव्हा पत्ता चुकलाय असेच मला वाटले.

लाल दरवाजा भागातला हा वाडा १९२४ सालचा. गिरणीमालक शेठ मंगलदास गिरधरदास यांचे हे घर. पुढच्या पिढ्यांनी ते पाडले नाही, त्याचे हॉटेल केले. अशा हॉटेलांना हल्ली 'बुटिक' म्हणतात. कपड्यांच्या दुकानाचा शब्द वाटतो, पण अर्थ साधा आहे. खोल्या मोजक्या, आणि एक दुसरीसारखी नाही.

हॉटेलात ओळखपत्र द्यायची वेळ आली की माझ्या पोटात थोडे हलते. एकदा आपल्याच राज्यातल्या एका लॉजवर माझे नाव वाचून 'खोल्या भरल्यात' असे उत्तर मिळाले होते. पाचच मिनिटांनी माझ्या मित्राला त्याच्या नावावर खोली मिळाली. रात्री आम्ही दोघे त्याच खोलीत झोपलो, हसत हसत. पण ते हसू मी अजून विसरलेलो नाही. इथल्या मुलाने कार्ड पाहिले आणि विचारले, ''साहेब, कविता मराठीत लिहिता?'' मी हो म्हणालो. त्याने किल्ली दिली.

खोलीत लाकडी झोपाळा होता. गच्चीवर 'अगाशिये' नावाची थाळीची खाणावळ. नाव वाचून मी चमकलो. अगाशी! आमच्या मुरूडच्या घरातला शब्द. दादी सुकट वाळत घालायची ती अगाशी. इथे अर्थातच सुकटीचा वासही नाही, सगळे शाकाहारी. पण कढी दोनदा मागून घेतली.

रस्ता ओलांडला की सिदी सय्यदची मशीद. १५७३ची, गुजरातच्या सल्तनतीचे अखेरचे दिवस होते ते. सिदी म्हणजे मूळचे आफ्रिकेतून आलेले लोक. मी तर सिद्दींच्या जंजिऱ्याकडे बघत लहानाचा मोठा झालो. त्यांचे संस्थान १९४८पर्यंत टिकले. त्यामुळे इथे जुनी ओळख निघाल्यासारखे वाटले. असरच्या नमाजनंतर तिथेच बसून राहिलो. पश्चिमेच्या भिंतीत दगडी जाळ्या आहेत. एकीत झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंतत वर गेल्यात. आयआयएमचे बोधचिन्ह याच जाळीवरून घेतलेले. उतरते ऊन त्या फांद्यांतून आत येत होते. शेजारी एक म्हातारा तसबीह ओढत होता. त्याने जाळीकडे एकदाही पाहिले नाही. त्याला ती रोजचीच.

परत आलो तेव्हा हॉटेलच्या दाराशी थबकलो. जुने सागवान, जड कडी. मी तिच्यावरून हात फिरवत राहिलो. रखवालदार म्हणाला, ''काही हवंय का?''

काय सांगणार? अब्बा गेल्यावर आम्ही भावांनी मुरूडचे घर पाडले. दोघे आखातात, मी मुंबईत. पावसाळ्यात कौले कोण चाळणार? स्लॅब टाकणे सोयीचे होते, आणि खरे सांगायचे तर गावात तेव्हा स्लॅबच्या घराला मान होता. जुन्या लाकडाचा एक व्यापारी आला. ओटीचे दार चौकटीसकट आठ हजारांना घेऊन गेला. मीच भाव केला होता, पाच हजारांवरून आठवर नेला म्हणून खूशही होतो. ''हे हॉटेलात लावतात, चाचा,'' टेम्पोत दार चढवताना तो म्हणाला होता.

तेव्हापासून असल्या जुनाट देखण्या हॉटेलात शिरलो की मी आधी दारे बघतो. आमच्या दाराच्या डाव्या फळीवर खाली, गुडघ्याच्या उंचीला, मी खिळ्याने कोरलेले माझे नाव आहे. पहिलीत होतो. अब्बांनी त्यासाठी मारले होते.

हे दार आमचे नव्हते. ते वाड्याचेच असणार. तरी वाकून पाहिलेच.

रात्री झोपाळ्यावर बसून धाकट्या भावाला मस्कतला फोन लावला. विचारले, ''आपल्या दाराची कडी त्या व्यापाऱ्याने नेली होती का रे?''

तो जरा थांबला. म्हणाला, ''नाही. ती मी काढून ठेवली होती. माळ्यावर असेल, अम्मीच्या पेटीत. तुला सांगितलं नाही, तू हसशील म्हणून.''