अर्धवट आठवणारे गाणे

एखादे गाणे पार विसरले तर त्याचा त्रास होत नाही. अर्धे आठवले, की मात्र ते चैन पडू देत नाही. शब्द निसटलेले असतात, गाणाऱ्याचे नाव कधी ठाऊकच नसते. उरते ती एखादी लकेर आणि ती जिथे ऐकली त्या घराची आठवण. तुमच्याही मनात असे एखादे गाणे असेलच.

गेल्या उन्हाळ्यात माझे एक स्नेही असेच एक गाणे घेऊन माझ्याकडे आले. ते हायस्कुलात इंग्रजी शिकवतात. म्हणाले, ''लहानपणी मामांच्या घरी कॅसेटवर ऐकलेलं. चाल अगदी संथ, मागे ऑर्गनसारखं काहीतरी, आणि एक माणूस जीव तोडून गातो आहे. एवढंच आठवतं बघा.''

मी घाईने सांगून टाकले, ''हे 'अ व्हायटर शेड ऑफ पेल'. इंग्लंडच्या प्रोकोल हारमचे, १९६७ सालचे.'' माझा अंदाज अगदीच वावगा नव्हता. त्या गाण्यात ऑर्गन आहे आणि खर्जातला स्वर जिना उतरावा तसा एकेक पायरी खाली येतो. गुरुजींची गुणगुणही तशीच उतरत होती. पण त्यांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि माझी चूक मला कळली. त्यांच्या प्रत्येक ठोक्यात तीन-तीन मात्रा होत्या, आपल्या दादऱ्याला जवळच्या. प्रोकोल हारमचे गाणे चारांच्या हिशेबाने चालते. शब्द गेले, नाव गेले, पण बोटांनी ठेका सांभाळून ठेवला होता!

मग उरले एकच नाव : 'व्हेन अ मॅन लव्हज अ वुमन'. पर्सी स्लेजने १९६६ साली गायलेले. मी ते लावले. गुरुजी दोन ओळी ऐकून म्हणाले, ''गाणं हेच. पण आवाज हा नव्हे.'' खरेच होते. मामांची कॅसेट मायकेल बोल्टनची होती. त्याने १९९१ साली हेच गाणे पुन्हा गायले, तेही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्यासाठी त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

गाणे सापडले, आणि आमचा वाद सुरू झाला. गुरुजींचा कौल बोल्टनला. आवाज दमदार, वाद्यमेळ स्वच्छ, कुठे बोट ठेवायला जागा नाही. स्लेजच्या ध्वनिमुद्रणात शेवटाकडे जी पितळी वाद्ये येतात, ती थोडी बेसूर आहेत, हेही त्यांच्या कानाने बरोबर टिपले. त्या वेळचे वादक सांगत, की ती चूक कंपनीच्याही ध्यानात आली होती, वाद्ये पुन्हा वाजवूनही घेतली होती. पण फितींची अदलाबदल झाली आणि पहिलीच फीत बाजारात गेली. तीच देशात पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

माझा कौल स्लेजला. का, ते सांगतो. हा तरुण अलाबामा राज्यातला, रुग्णालयात रुग्णांची सेवा करणारा परिचर. प्रेयसी सोडून गेली त्या दुःखातून हे गाणे आले, असे तो सांगे. कवी-संगीतकार म्हणून नावे लागली ती त्याच्या दोन साथीदारांची, लुईस आणि राइट यांची. आपणच ते श्रेय त्यांना देऊन टाकले, असेही तो म्हणे. शेफील्ड नावाच्या लहान गावातल्या स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण झाले. गायक कृष्णवर्णीय, ऑर्गन आणि ड्रम वाजवणारे गोरे. आदल्याच वर्षी, १९६५ साली, याच राज्यात मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा निघाला होता आणि निदर्शकांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या होत्या. त्या राज्यात ही माणसे एका खोलीत बसून एक सूर शोधत होती.

या गायकीला 'सोल', म्हणजे आत्मा, म्हणतात. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगीतांत तिचे मूळ आहे. देवाला घातलेली साद इथे माणसाला घातली जाते, एवढाच फरक.

गुरुजींचा दुसरा आक्षेप अर्थावर होता. ''प्रेमात माणूस आंधळा होतो, यात नवीन काय?'' पण गाणे नीट ऐका. सुरुवातीला गाणारा त्रयस्थासारखा बोलतो : पुरुष प्रेमात पडला, की असा वागतो, मित्राचेही ऐकत नाही, फसवला गेला तरी त्यालाच सर्वांत शेवटी कळते. जणू दुसऱ्याच कुणाची हकीकत. आणि मध्येच 'तो'चा 'मी' होतो. मी तुला सारे दिले, आता माझा छळ करू नकोस, असे तो विनवू लागतो. दुसऱ्याची गोष्ट सांगता सांगता माणसाने स्वतःचीच कबुली द्यावी, तसे हे आहे. बोल्टन हा भाग ताकदीने गातो. स्लेज गातो तेव्हा बांध फुटल्यासारखा वाटतो. त्या वेळी मागची वाद्ये किंचित बेसूर असली तर मला ती खटकत नाहीत. रडवेल्या माणसाचा आवाज तरी कुठे सुरात असतो?

गुरुजींना हे सगळे पटले असे नाही. जाताना म्हणाले, ''तुमचं खरं असेल. पण माझे मामा बोल्टनमध्येच आहेत.'' यावर मी काय बोलणार? गाण्याचा गुण ठरवताना कान लागतो, तशी आठवणही आपले मत टाकतेच. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा, एवढेच.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात एकदा हा प्रयोग करून पाहा. ओळखीच्या गाण्याचा नुसता ठेका वाजवा आणि मुलांना गाणे ओळखू द्या. मग तेच गाणे दोन आवाजांत ऐकवा आणि 'कोणते आवडले' एवढ्यावर न थांबता 'का आवडले' ते विचारा. उत्तर शोधताना मुले ऐकायला शिकतील.