नदीकाठचा मुक्काम

श्रोतेहो, शाळेची सहल म्हटली की एस.टी. ठरवायची, दोन देवळे आणि एक धरण दाखवायचे आणि दिवेलागणीच्या आत घरी परतायचे, अशी आपली रीत. माझे सांगणे असे की, एकदा मुलांना घेऊन नदीकाठी दोन रात्री मुक्काम करा.

अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात भंडारदरा आहे. रतनगडाच्या डोंगरात उगम पावणारी प्रवरा तिथे १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणाने अडवली आहे. जवळच १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर. पावसाळा तोंडावर आला की झाडाझाडांवर काजवे लुकलुकतात.

काही वर्षांपूर्वी मे अखेरीस वीसेक विद्यार्थी घेऊन मी धरणाच्या खालच्या अंगाला गेलो. नदीला जेमतेम धार होती. पात्रातलीच एक सपाट जागा पाहून आम्ही मेखा ठोकू लागलो. शेळ्या घेऊन चाललेले एक म्हातारबाबा थांबले.

“मास्तर, हितं नका राहू. आवर्तन सुटलं म्हंजे?”

मी म्हणालो, “बाबा, आभाळात ढगसुद्धा नाही.”

“पाणी आभाळातनंच येतं व्हय?” बाबा हसले.

मला काही पटले नव्हते. केवळ त्यांच्या वयाचा मान राखून बिऱ्हाड वर आंब्याखाली हलवले. पहाटे मुलांनी हाका मारून उठवले. खालच्या शेतीसाठी धरणातून पाणी सुटले होते, आणि आमच्या मेखांच्या जागी ते कमरेइतके वाहत होते. माझी मलाच शरम वाटली.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, तंबू सोडण्याआधी गावात जा. पूर कुठवर चढतो, पाणी केव्हा सुटते, हे जुन्या माणसांना आणि धरणावर विचारा. काठच्या झुडपांत अडकलेला काडीकचरा ही पुराचीच खूण. मुक्काम तिच्या वर करा. अभयारण्याची हद्द असेल तर वनखात्याची परवानगी आधीच काढा. पट्टीचा पोहणारा आणि दोर जवळ असल्याखेरीज मुलांना पाण्यात उतरवू नका. प्यायचे पाणी उकळून घ्या. शौचासाठी नदीपासून दूर चर खणा. निघताना चूल पाण्याने विझवा, कचरा सोबत न्या.

आमच्या मुलांनी त्या खेपेस काजवे पाहिले, शिखरही चढले. पण आजही भेटली की आधी विचारतात, “सर, ते शेळ्यांवाले बाबा आठवतात ना?”