काळ्या पडद्यामागे सगळं शाबूत

संगणक ‘बूट’ होतो असं आपण म्हणतो. हा शब्द एका गमतीशीर इंग्रजी कल्पनेतून आला आहे. आपल्याच बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलायचं! बटण दाबतो तेव्हा यंत्र असंच काहीतरी करतं. मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम आधी जागा होतो. तो मेमरी, कळफलक, डिस्क तपासतो आणि डिस्कवरच्या ‘बूटलोडर’ला हाक देतो. बूटलोडर मग ऑपरेटिंग सिस्टिमला उठवतो. एकानं दुसऱ्याला जागवायचं, अशी ही साखळी.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि अनेकांनी जुन्या यंत्रांवर लिनक्स घालून पाहिलं. आमच्याकडेही माझ्या भाचीनं हौसेनं तेच केलं. करकरणारी डिस्क काढून नवी बसवली, फायली तिच्यावर आणल्या. त्या फायलींत माझ्या एका दिवंगत मित्राच्या गझला होत्या. त्याच्या वह्या २०१९ च्या महापुरात गेल्या. मी टंकून ठेवलं होतं तेवढंच उरलं.

दिवसभर यंत्र छान चाललं. रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची आमच्या घरची शिस्त. सकाळी काळा पडदा, आणि सुरू करण्याजोगी डिस्क नाही असा इंग्रजी निरोप. भाची रडवेली झाली. “मामू, काल तर चालू होता हो!” दुकानदार म्हणाला, “चाचा, फॉरमॅट मारू, दोन तासांत देतो.” फॉरमॅट म्हणजे गझला पुसणं. मी म्हटलं, “थांब बाबा.”

भाचीनं चिपच्या सेटिंगचा पडदा उघडला. डिस्कचं नाव तिथे ठळक दिसत होतं. माझी नजर मात्र तारखेवर गेली. वर्ष २०१२! तिथेच मर्म होतं. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक सेल असतो. वीज नसताना घड्याळ आणि सेटिंग तोच सांभाळतो. तो संपला होता.

आता सेलचा आणि बूटचा संबंध काय? यंत्र सुरू करण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या बायोस पद्धतीत बूटलोडरचा आरंभ डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत शोधतात. नव्या युईएफआय पद्धतीत डिस्कवर वेगळा छोटा कप्पा असतो, त्यात बूटलोडरची फाइल. भाचीनं युईएफआय निवडून लिनक्स बसवलं. रात्री वीज तुटली, सेटिंग पुसलं गेलं आणि यंत्र मूळच्या जुन्या पद्धतीवर परतलं. ते जुन्या पत्त्यावर दार ठोठावत राहिलं; घर पलीकडच्या गल्लीत होतं. विंडोज जुन्या पद्धतीनं बसवलेलं होतं, म्हणून सेल कधी संपला ते कळलंच नव्हतं. नवा सेल घातला, युईएफआय पुन्हा निवडलं, आणि लिनक्स उठलं.

प्रत्येक घरी सेलच दोषी असेल असं नाही, पण तपासाचा क्रम हाच ठेवा. आधी पेन ड्राइव्ह काढा. यंत्र कधी त्यावरूनच उठू पाहतं. मग सेटिंगमध्ये डिस्क दिसते का ते बघा. दिसत नसेल तर केबल किंवा डिस्कचीच तक्रार. दिसत असेल तर तारीख, बूटचा क्रम आणि पद्धत पाहा. विंडोजवर बिटलॉकरचं कुलूप असेल तर सेटिंगला हात लावण्याआधी त्याची रिकव्हरी की शोधून ठेवा. तरीही अडलं, तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, यंत्र सुरू करा आणि फायली दुसरीकडे उतरवून घ्या. बूटलोडरची दुरुस्ती त्यानंतर.

‘बूट होत नाही’ याचा अर्थ ‘सगळं गेलं’ असा नव्हे. फॉरमॅटला होकार देण्यापूर्वी दुरुस्तीवाल्याला एवढंच विचारा, “डिस्क दिसते का?” दिसत असेल तर आधी तुमचं लेखन, फोटो, हिशेब काढून घ्यायला सांगा. यंत्र पुन्हा घेता येतं. गेलेल्या माणसाची ओळ पुन्हा कोण लिहिणार?