गुनाह आणि ईमान : एक जुना वाद
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



कलमा पढणारा माणूस खून करतो, व्याज खातो, मद्य पितो. तो मुसलमान राहतो की नाही? प्रश्न किताबी वाटतो खरा, पण इस्लामच्या पहिल्या शतकात त्यापायी रक्त सांडले आहे.

इ. स. ६५७ मध्ये सिफ्फीनच्या रणांगणावर हजरत अली (रजि.) व अमीर मुआविया यांनी तंटा पंचांकडे सोपविला. अलींच्या सैन्यातील एक गट बिथरला. निवाडा अल्लाहचाच, माणसांना पंच नेमणे हे महापाप, आणि महापापी तो काफिर, असे त्यांचे म्हणणे. हेच खारिजी. इबादतीत ते कच्चे मुळीच नव्हते. सजद्यांनी त्यांच्या कपाळाला घट्टे पडले होते, असे वर्णन आढळते. ६५८ साली नहरवानला त्यांचा मोड झाला आणि ६६१ साली त्यांच्यापैकीच एकाने कूफ्याच्या मशिदीत अलींवर घातक वार केला. पुढे नाफे इब्न अझरकच्या अनुयायांनी आपल्या छावणीत न येणाऱ्या मुसलमानालाही काफिर ठरविले. सगळे खारिजी असे नव्हते. त्यांच्यातूनच निघालेले मानले जाणारे इबादी सौम्य ठरले. ओमानात ते आजही आहेत. आणि ज्यांनी अलींना काफिर म्हटले त्यांना अलींनी काय म्हटले? रिवायत अशी की, हे आमचेच भाऊ, आमच्यावर उलटलेले.

बसऱ्यात वासिल इब्न अता (मृत्यू ७४८) याने मधली जागा काढली : असा माणूस मोमिनही नाही, काफिरही नाही, तो फासिक. मोतझिला पंथ येथून निघाला असे सांगतात. युक्ती हुशारीची, पण सामान्य माणसाला त्यातून दिलासा तो काय?

मुर्जिआंनी मात्र निकालच पुढे ढकलला. अंतरातले अल्लाह जाणे, आपण न्यायाधीश होऊ नये. राज्यकर्त्यांच्या पापांवर हे पांघरूण आहे, असा आरोप त्यांच्यावर होतो. मला तो अर्धाच खरा वाटतो. ७२८ च्या सुमारास खुरासानचा सुभेदार अशरस याने समरकंदकडील लोकांना सांगितले, इस्लाम स्वीकारा, जिझिया माफ. लोक आले आणि खजिना आटला. तेव्हा हुकूम सुटला : सुंता झाली आहे का पाहा, सूरा म्हणता येते का पाहा. अखेर कर पुन्हा बसलाच. अबू सैदा नावाचा धर्मप्रचारक या नवमुस्लिमांच्या बाजूने उभा राहिला व कैदेत गेला. ७३४ साली हारिस इब्न सुरैजने बंड केले, त्यातही मुर्जिआ होते. अरबी नीट न येणाऱ्या त्या गरीब शेतकऱ्याला 'ईमान म्हणजे मान्यता व कबुली' हे वाक्य केवढा आधार असेल!

इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांनाही विरोधकांनी मुर्जिआ म्हटले. बसऱ्याच्या उस्मान अल-बत्ती यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ते नाव नाकारले. पण अमलात चुकणारा मोमिन हा मोमिनच, हे मत सोडले नाही. इमाम शाफई अमल हा ईमानाचाच भाग मानतात. त्यांच्या मते ईमान वाढते, घटते. आपल्याकडे घाटावर बहुतेक हनफी, कोकणात बहुतेक शाफई. व्याख्येत एवढे अंतर असूनही, पापी मुसलमानाला माफी द्यावी की शिक्षा हे अल्लाहच्या मर्जीवर आहे आणि तोवर त्याचा जनाजा आपणच पढायचा, यावर दोन्ही मजहब एकमत आहेत.