चहाची सोबतीण झाडं आणि आपला राब

(कार्यकर्ता शिबिरात रात्रीच्या बैठकीत झालेलं बोलणं)



आम्ही चौघं उत्तर बंगालात, डुआर्सच्या चहामळ्यातल्या मजुरांना भेटून आलो. काय पाहिलं ते सांगा म्हणालात. आधी झाडांचंच सांगतो.

आम्हाला वाटलं, मळा म्हणजे नुसता चहा. तसं नाय. वर शिरीषाच्या जातीची उंच झाडं, लांब लांब लावलेली. त्यांच्यातून ऊन गाळून खाली येतं. सावली गेली की लाल कोळी वाढतो, पान तांबूस पडतं. शिरीषाच्या मुळांवर उडदासारख्याच गाठी असतात, त्या हवेतला नत्र जमिनीत आणतात. नवा चहा लावला की मोठी झाडं वाढेपर्यंत ओळींमध्ये बोगा मेडेलोआ नावाचं झुडूप पेरतात. आपल्या उन्हाळीच्या, म्हणजे शरपुंख्याच्या जातीचं. ते छाटायचं आणि पाला चहाच्या ओळीत पसरायचा. माती झाकली जाते, पावसात वाहत नाय, पाला कुजून खत होतो. जुना चहा उपटला तर तिथं आधी ग्वाटेमाला गवत लावतात, कापून पसरतात. जमिनीला विसावा देतात, मगच नवी लागवड.

आमच्यातल्या बाईनं लगेच विचारलं, हे झुडूप खातात का? नाय खात. मळ्यातली सोबत चहासाठी. आपल्या वरकसात नागलीसोबत उडीद, तूर, खुरासणी घेतो, त्यातलं प्रत्येक घरात येतं.

फांद्या छाटून जमिनीला द्यायच्या, हे आपण राबाला करतोच. आपण टहाळ जाळतो, ते कुजवतात. त्यावर आपसात बोलायला पाहिजे. बांधावर गिरीपुष्प लावून त्याचा पाला भाताच्या चिखलात तुडवला तर खताला आधार होतो, ऐनावरचा भारही थोडा उतरतो. पण मळ्याच्या साहेबानं छाटलं तर ती शेती, आपण ऐनाची फांदी तोडली तर गुन्हा! गेल्या साली टहाळासाठी गार्डानं एका घरून पन्नास रुपये आणि कोंबडी नेली. पावती नाय.

तिथले मजूर उरांव, मुंडा, संथाल, खडिया. इंग्रजांच्या काळात मजूर भरती करणारे छोटानागपूरहून त्यांच्या वाडवडलांना घेऊन आले. जंगल तोडून मळे त्यांनीच उभे केले. 1951 च्या मळा कामगार कायद्यात मालकानं घर द्यायचं असं होतं. पण घर मिळतं कामाला बांधलेलं. घरातलं कोणी मळ्यात कामाला राहिलं नाय, तर घराचा भरवसा नाय. पिढ्या गेल्या, लाइनीतल्या घराखालची जमीन पुष्कळांच्या नावावर नाय. बंगालात त्यांना आदिवासी धरतात. तेच लोक आसामच्या मळ्यात असले तर अनुसूचित जमातीच्या यादीत नाहीत. नदी ओलांडली की जात बदलते काय?

एका म्हातारीनं परसात भोपळा चढवलेला, कडेला हळद. आयुष्यभर तिनं पाती तोडली, रोजचा ठिका भरला. ती म्हणाली, एवढंच माझं, तेही कंपनीच्या जमिनीवर. मग तिनं आम्हाला विचारलं, तुमची शेती तुमच्या नावावर आहे ना?

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. चौघांपैकी तिघांचे प्लॉट एकसाली.

म्हणून पुढच्या बैठकीला एकसालीच्या पावत्या, दंडाच्या पावत्या, घरात असतील ते सगळे कागद आणा. दंडाची पावती फाडू नका, तुम्ही तिथं कसत होता याचा तो पुरावा आहे. आणि गिरीपुष्पाच्या फांद्या ज्यांना लावायच्या आहेत त्यांनी पावसाआधी नावं द्या.