रुमालाखालचा कायदा
(गुलमंडी येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



लग्नाचा बस्ता बांधायला आपण या गुलमंडीत येतो. दुकानदार थान उलगडतो. आपण पोत चाचपतो, रंग जाईल का विचारतो, उजेडात नेऊन पाहतो, मगच पैसे मोजतो. लुगड्याला एवढं पारखणारे आपण. पण ज्या कायद्यावर आपल्या कापसाचा आणि ज्वारीचा बाजार चालतो, तो कधी उलगडून पाहिला का?

जुन्या माणसांना आठवत असेल. अडतीवर रुमालाखाली हात घालून भाव ठरायचा. अडत्याची बोटं व्यापाऱ्याला कळायची. माल ज्याचा, त्यालाच भाव कळायचा नाही. बाजार समितीच्या नियमांनी तो रुमाल काढला, उघड लिलाव आणला. आमचं म्हणणं एवढंच, की विधानभवनातलाही रुमाल निघाला पाहिजे.

कागदावर रीत चोख आहे. विधेयक मांडायचं, चर्चा करायची, एकेक कलम तपासायचं, मग मत. दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि राज्यपालांची संमती मिळाली की कायदा. प्रत्यक्षात पुष्कळ विधेयकं गोंधळात, आवाजी मतदानानं निघतात. ‘होय’चा आवाज मोठा, विधेयक मंजूर! आपला आमदार होय म्हणाला, गप्प बसला की सभागृहात नव्हताच, हे कळायला मार्ग नाही. मतविभागणी मागितली तरच मतांची नावानिशी नोंद होते.

दुसरी वाट वटहुकुमाची. अधिवेशन नसताना निकड पडली तर राज्यपाल वटहुकूम काढतात. सभागृह भरल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही, तर तो संपतो. बिहारात काय झालं ऐका. पुण्याच्या गोखले संस्थेतले अभ्यासक डॉ. डी. सी. वाधवा यांनी तिथले वटहुकूम मोजले. १९६७ ते १९८१ या काळातले २५६ वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून एक ते चौदा वर्षं जिवंत ठेवले होते. उसाच्या खरेदीचा एक तर जवळजवळ चौदा वर्षं चालला! ऊस शेतकऱ्याचा, आणि त्यावर सभागृहात मत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर १९८६ रोजी ही रीत घटनाबाह्य ठरवली.

आता आपल्या घरचं. २०२० साली केंद्राचे तीन शेती कायदे आधी वटहुकुमानं आले. सप्टेंबरमध्ये राज्यसभेत आवाजी मतदानानं निघाले, त्यातले दोन गोंधळात. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते रद्द करणारं विधेयक संसदेत मंजूर झालं, तेही चर्चेविना. त्या कायद्यांच्या बाजूचे आपल्यात होते, विरोधातलेही होते. पण येताना आणि जाताना, दोन्ही वेळा आपल्याला विचारलं कोणी?

महाराष्ट्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये स्वतःची तीन दुरुस्ती विधेयकं मांडली आणि लोकांच्या सूचनांसाठी दोन महिने ठेवली. रीत चांगली होती. केंद्राचे कायदे गेल्यावर डिसेंबरात ती मागे घेतली. आता खरं सांगा, आपल्यापैकी किती जणांनी तो मसुदा वाचला? सूचना किती जणांनी पाठवली? हात वर करा. हे पाहा, इथे चूक आपलीही आहे.

म्हणून आमच्या मागण्या चार. शेतीविषयक विधेयकाचा मसुदा मराठीत, मांडण्यापूर्वी महिनाभर तरी पंचायतीच्या फळ्यावर लागावा. आलेल्या सूचनांतली कोणती मानली, कोणती नाही आणि का, ते छापावं. शेवटचं मत नावानिशी व्हावं. आणि कायद्याखालचे नियमही आधी लोकांपुढे यावेत. कारण कायद्यात ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि खरी पाचर त्या नियमांत निघते.

पुढच्या बैठकीआधी प्रत्येक तालुक्यानं आपल्या आमदाराला पत्र द्यावं. गेल्या अधिवेशनात शेतीची कोणती विधेयकं आली, तुम्ही त्यांवर काय बोललात, मत काय दिलंत? उत्तर आलं तर बैठकीत वाचू. आलं नाही, तर तेही वाचू.