अर्धा किलो केळीचं पान
(स्वागताध्यक्षीय भाषण)

रविवारचा मेगाब्लॉक चुकवत घाटकोपरला पोचलेल्या मित्रांनो,

स्वागताध्यक्ष विद्वान असावा असा नियम नाही, म्हणून माझी वर्णी लागली. मी औषधांचा दुकानदार. चाळीस वर्षं इथंच काउंटरमागे उभा आहे.

२६ जुलै २००५च्या पावसानंतर आमच्या गल्लीत दोन दिवस वीज नव्हती. दुकानाच्या फ्रिजमध्ये हिपॅटायटिस बीच्या लशी होत्या. त्यांना २ ते ८ अंश लागतात. मी बर्फ आणायला निघालो, तर बायको म्हणाली, ‘‘अहो, बर्फाला टेकली तर गोठेल ना!’’ खरंच, ही लस गोठली की बाद. शेवटी सगळा साठा टाकून दिला.

त्याच वर्षी, इथून रिक्षाने जावं एवढ्या अंतरावरच्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले डॉ. टी. आर. गणपती, डॉ. व्ही. ए. बापट आणि सहकारी यांचा शोधनिबंध ‘प्लँटा’ या नियतकालिकात आला. हिपॅटायटिस बीच्याच विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाचा जनुक त्यांनी अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूकरवी रसथाळी जातीच्या केळीच्या पेशींत घातला, त्या पेशींची रोपं केली आणि पानांत ते प्रथिन मिळवलं. हे कानावर आलं तेव्हा वाटलं, फ्रिज गेला, सुई गेली. आता केळं सोला आणि खा!

मग दुकानदाराचा हिशेब मांडला. एक ग्रॅम ताज्या पानात जास्तीत जास्त ३८ नॅनोग्रॅम प्रथिन. मोठ्या माणसाच्या एका इंजेक्शनात २० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका डोससाठी अर्धा किलो पान, तेही कणभर वाया न जाता सगळं काढता आलं तर! खाल्लं तर पोटातले पाचक रस त्यातलं किती शिल्लक ठेवणार? आणि उद्या हे प्रथिन फळात आलं, तरी एका केळ्यात जेवढी मात्रा, तेवढीच दुसऱ्यात असेल कशावरून? ‘अर्धी गोळी घेतली तर चालेल का हो?’ असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकांना मी उगाच नाही परत पाठवत. शिवाय याच आजारावरची, यीस्टपासून केलेली लस हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ सालीच स्वस्तात बाजारात आणली होती.

वनस्पतींकडून औषध करून घेण्याची कल्पना मात्र पुढे गेली. अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली ती गॉशे नावाच्या आजारावरच्या, गाजराच्या पेशींत तयार होणाऱ्या औषधाला. तिथे गाजर खायचं नाही. पेशी बंदिस्त ठिकाणी वाढवायच्या, प्रथिन शुद्ध करायचं आणि शिरेतून द्यायचं. म्हणजे सुई आहेच.

उघड्या शेताची गोष्ट वेगळी. २००२ साली प्रॉडिजीन कंपनीच्या औषधी प्रथिनासाठी जनुक बदललेल्या मक्याचे अवशेष तिकडच्या सोयाबीनमध्ये मिसळले आणि कोठारातलं सोयाबीन नष्ट करावं लागलं. मक्याचे पराग वाऱ्यावर जातात, सांडलेला दाणा पुढच्या वर्षी उगवतो. आपली खायची केळी बी धरत नाही, मुनव्यांवर वाढते. इथे मला केळीचं पारडं जड वाटतं.

मात्रा आणि कुंपण, या दोन मुद्द्यांवर आजच्या वक्त्यांनी माझे कान जरूर उपटावेत. दीड वाजता जेवण आहे. ताटात वसईची सुकेळी आहेत. त्यांत लस नाही, मी केटररला विचारून घेतलंय.